यात काजू कुठायत?

मागच्या डिसेंबरात मावसभावाच्या लग्नाला नाशिकला गेले होते. जेवणाआधी लॉनवर स्टार्टरची टेबलं मांडलेली, आणि त्यातल्या एका टेबलावर पाटी : 'काजून पोटॅटो'. छोटे अख्खे बटाटे उकडून, दाबून तळलेले आणि वरून फिकट नारिंगी मेयोनीजची आंघोळ. अमळनेरहून आलेल्या माझ्या मामांनी डिशमधले चारही बटाटे उलटेपालटे करून पाहिले आणि वाढणाऱ्या पोराला विचारलं, "काय रे भाऊ, यात काजू कुठायत?"

"काका, काजू नाही. काजून. फॉरेनचा मसाला असतो."

"मंग काजू मधल्या मधी कोनी खाल्ले?"

मी शेजारीच उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे असले बटाटे कुणी करत नाही."

"तुमच्याकडे म्हंजे कोठे?" मामा म्हणाले. "अमळनेरले?"

मला म्हणायचं होतं, लाफिएटला. पण मामांच्या तोंडावर तसं म्हणायला जीभ रेटेना. मग मीही एक बटाटा उचलला आणि गप्प खाल्ला. वाईट नव्हता, पण केजनही नव्हता.

नवरा तेलविहिरींच्या यंत्रांचं काम करतो. त्याच्यामागोमाग अकरा वर्षांपूर्वी मी अमेरिकेच्या दक्षिणेला, लुईझियाना राज्यातल्या लाफिएटला गेले. न्यू ऑर्लिन्सहून पश्चिमेला मोटारीनं दोन-सव्वादोन तास. वाटेत अचाफलाया नावाचं अफाट पाणथळ खोरं लागतं आणि त्यावरून जवळजवळ २९ किलोमीटर लांबीचा पूल जातो. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी सायप्रसची झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ, मधूनच एखादा बगळा. हा पूल १९७३ साली झाला. तो ओलांडला की बोलण्याची ढब बदलते, पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या खाण्याचा वास बदलतो आणि पाट्यांवरच्या आडनावांच्या शेवटी न उच्चारायची अक्षरं वाढायला लागतात. बूद्रो, तिबोदो, आर्सेनो. नुसत्या 'ओ'साठी चार-चार अक्षरं खर्च करणारे हे लोक मला पहिल्या दिवशी उधळे वाटले होते.

पाटीवरचं 'काजून' म्हणजे केजन, आणि केजन हे मसाल्याचं नाव नव्हे, माणसांचं आहे. आजच्या कॅनडाच्या पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशियाच्या बाजूला, १६०४ पासून फ्रान्सहून आलेले लोक वस्ती करायला लागले. त्या मुलखाचं नाव अकादी. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, खारी जमीन गोडी करून घ्यायची आणि तिथं पेरायचं, ही त्यांची विद्या. कोकणातली खारजमीन पाहिलेल्याला ती लगेच कळेल. १७१३ च्या तहात हा मुलूख इंग्रजांकडे गेला. आम्ही कुणाच्याच बाजूनं शस्त्र उचलणार नाही, असं म्हणत हे लोक पुढची चाळीस वर्षं तग धरून राहिले. मग इंग्रजांना तेवढंही पुरेना. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये ४१८ पुरुषांना आणि मुलग्यांना बोलावून घेतलं आणि हुकूम वाचून दाखवला : जमीन, घरं, गुरं सरकारजमा, तुम्हाला इथून हलवण्यात येत आहे. घरं जाळली. माणसं जहाजांत भरली आणि मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या किनाऱ्यांवर नेऊन टाकली. एका घरातली माणसं वेगवेगळ्या जहाजांत पडली. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांहून जास्त लोक असे उपटले गेले. ते या प्रकाराला 'ल ग्राँ देरांज्माँ' म्हणतात. म्हणजे मोठी उलथापालथ. पाहुणे आल्यावर घरात होते तिला शोभेल असा घरगुती शब्द.

१७६५ मध्ये जोसेफ ब्रूसार, ज्याला सगळे 'बोसोलेय' म्हणत, सुमारे दोनशे माणसं घेऊन लुईझियानात पोचला. पुढे १७८५ मध्ये फ्रान्समध्ये अडकलेल्यांपैकी सोळाशेच्या आसपास लोक सात जहाजांतून आले. गंमत अशी की तोवर इथं राज्य स्पेनचं होतं. फ्रेंच बोलणारे, इंग्रजांनी हाकललेले लोक स्पॅनिश राजाच्या दलदलीत येऊन स्थिरावले. 'अकादियां'चं बोलताना 'कादियां' झालं, आणि इंग्रजी कानांनी त्याचं 'केजन' केलं.

जुनं प्रकरण, पण इथं ते मिटलेलं नव्हतं. १९९० मध्ये वॉरन पेरिन नावाच्या इथल्या एका वकिलानं थेट ब्रिटिश सरकारकडे आणि राणीकडे अर्ज लावला. पैसे नकोत, चूक झाली म्हणा. तेरा वर्षं पाठपुरावा केला. डिसेंबर २००३ मध्ये कॅनडात राणी एलिझाबेथच्या नावानं जाहीरनामा निघाला, झालेला अन्याय मान्य केला गेला आणि २८ जुलै हा दरवर्षी स्मरणाचा दिवस ठरला. आमच्या खान्देशात बांधाच्या वादात तीन पिढ्या कोर्टात जातात. त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वीच्या जमिनीवरून राणीला नोटीस पाठवणारा माणूस मला आजिबात विचित्र वाटला नाही. गाववालाच वाटला.

गाववाल्यांशी माझी पहिली गाठ किराणा दुकानातल्या रांगेत पडली. पुढच्या बाईंनी माझ्या टोपलीतली भेंडी पाहिली आणि विचारलं, तू कुणाची? मी म्हटलं, इंडियाची. "ते दिसतंय, शा. पण तुझी माणसं कोण?" ('शा' म्हणजे फ्रेंच 'शेर', बाळा, राणी, जे काय म्हणाल ते. कुणालाही लावतात.) मी चक्क थबकले. अमेरिकेत लोक तुम्ही काय करता हे विचारतात, किती वर्षं झाली हे विचारतात. 'तुझी माणसं कोण' हे मला यापूर्वी फक्त अमळनेरच्या आमच्या गल्लीतल्या ओट्यावर बसलेल्या बाया विचारायच्या : "कोनी पोर शेस वं तू?" मग आजोबांचं नाव सांगायचं, मग आजोळ, मग "हां, त्या विहिरीवाल्यासनी नात!" असं म्हणून तुमची जागा मुक्रर व्हायची. इथंही तेच. आईचं माहेरचं आडनाव, तिचं गाव, धर्मपिता कोण. एबेर आणि ब्रूसार्ड इथं आमच्या पाटलांइतके, म्हणून नुसत्या आडनावावर भागत नाही, टोपणनावं लागतात. घरातल्या धाकट्याला बापाचंच नाव देऊन पुढे 'टी' लावतात, म्हणजे 'पेती', छोटा. साठीच्या, सव्वाशे किलोच्या गृहस्थांना सगळं गाव 'टी-अमुक' म्हणतं आणि कुणालाही हसू येत नाही.

आणि आडनावावरून रक्त शोधायला जाल तर फसाल. न्यू आयबेरिया हे गाव १७७९ मध्ये स्पेनच्या मालागाहून आलेल्यांनी वसवलं. त्यांचे वंशज रोमेरो आणि सेगुरा आज पक्के केजन आहेत. जर्मन आडनावाचे आहेत. जुन्या फिडलवादकांतलं सगळ्यात मोठं नाव डेनिस मॅगी, आणि मॅगी तर आयरिश. ज्या ॲकॉर्डियनशिवाय केजन संगीताची कल्पना करवत नाही ते वाद्यही जर्मनांकडून आलं. हाकलून दिलेल्यांची ही जमात पुढे जो शेजारी आला त्याला ओढून घेत गेली आणि त्याला फ्रेंच बोलायला लावत गेली. उलटं होण्याची पाळी नंतर आली.

केजन म्हणून यांना जेवढा अभिमान आहे त्याच्या दुप्पट आपापल्या गावाचा आहे. इथं दर पंधरा-वीस किलोमीटरवर जगाची एक राजधानी लागते. ब्रो ब्रिज ही क्रॉफिशची जागतिक राजधानी. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, झिंग्याचा लालभडक चुलतभाऊ. राज्याच्या विधिमंडळानं १९५९ मध्ये तसा ठरावच केलाय. रेन ही बेडकांची राजधानी. एके काळी तिथून बेडकांच्या तंगड्या दूरदूरच्या हॉटेलांत जायच्या, आता गावभर भिंतींवर रंगवलेले बेडूक आहेत, कोटटाय घातलेले सुद्धा. क्राउली तांदळाची. चर्च पॉइंट घोडागाडीची. गेदां बदकांची, पण ते विनयानं फक्त अमेरिकेची राजधानी म्हणवतात. ऑपलूसस झायडेको संगीताची. मामू केजन संगीताची. हे मामू ऐकून मला पहिल्यांदा हसू फुटलं होतं, पण शनिवारी सकाळी नऊ वाजता तिथल्या एका बारमध्ये म्हातारे जोडीनं वॉल्ट्झ नाचतात आणि तो कार्यक्रम रेडिओवरून चालू असतो, हे पाहिल्यावर हसू गेलं. ॲबविलकडे कुठली राजधानी नाही, म्हणून ते १९८५ पासून दर नोव्हेंबरात भर रस्त्यात पाच हजार अंड्यांचं आम्लेट करतात आणि दरवर्षी एक अंडं वाढवतात.

खरी भाऊबंदकी पाहायची तर बूदांची. बूदां म्हणजे भात, डुकराचं मांस, काळीज, कांद्याची पात आणि तिखट एकत्र करून आतड्यात भरलेली वळकटी. ती पेट्रोलपंपावर मिळते, गरम, कागदात गुंडाळून. गाडीच्या बॉनेटवर ठेवून दातांनी ओढून खायची. बूदांची राजधानी आधी ब्रूसार्ड नावाचं गाव होतं. मग जेनिंग्जनं स्वतःला विश्वाची राजधानी जाहीर केलं. २०१२ मध्ये स्कॉट गावानं विधिमंडळातून ठराव करून आणला की जगाची राजधानी आम्हीच. एवढ्या गंभीर बाबतीत नवऱ्याच्या ऑफिसात दोन माणसांनी आठवडाभर अबोला धरलेला मी ऐकून आहे. आणि ही फक्त नावासाठी मारामारी नाही. भात किती, काळीज किती, मिरी की लाल तिखट, यावर माणूस घास चाखून सांगतो की हे अमक्या दुकानातलं, तमक्या रस्त्यावरचं. दोन गावांत दहा किलोमीटर अंतर नाही. बाहेरच्याला दोन्ही सारखेच लागतील. मलाही पहिली दोन वर्षं सारखेच लागले. आता लागत नाहीत, आणि आपल्याला ते कळायला लागलं या गोष्टीचा मला जो आनंद झाला तो कुणाला सांगण्यासारखा नाही.

आमच्या शेजारी ज्या आजी राहतात त्यांना मुलं, नातवंडं, पोस्टमन, मी, सगळेच 'मॉमॉ' म्हणतो. इथं आजीला तेच म्हणतात. नव्वदीला टेकल्या आहेत. माहेर चर्च पॉइंटच्या बाजूचं, सपाट भातशेतीच्या मुलखातलं. लग्न होऊन लाफिएटला येऊन सत्तर वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी लाफिएट परगावच. टोमॅटो घातलेला गंबो, म्हणजे इथलं दाट कालवण, दिसला की त्या एवढंच म्हणतात, "न्यू ऑर्लिन्स." त्यापलीकडे निंदा करायची त्यांना गरज वाटत नाही.

गंबो शिकायला मी त्यांच्याकडे जायची. सुरुवात 'रू'ची. तेलात मैदा घालून मंद आचेवर परतायचा. बेसनाच्या लाडवाला भाजतो तसंच, पण तिथं आपण बदामी रंगावर थांबतो, यांना तपकिरीच्या पुढे, चॉकलेटी व्हायला हवा असतो. पाऊण तास. हात थांबला की खाली लागलं, लागलं की सगळं फेकून पहिल्यापासून. फोन वाजू दे, दारावर कुणी येऊ दे. मग कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची त्यात पडते आणि जो चर्र आवाज होतो, त्या वेळी मॉमॉ एक फ्रेंच शब्द म्हणायच्या आणि लगेच ओठ मिटून घ्यायच्या. पहिले काही महिने मला वाटलं शिवी असेल.

शिवी नव्हती. सवय होती. पहिल्या इयत्तेत गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. घरात, शेतात, चर्चच्या अंगणात सगळं फ्रेंच. शाळेत फ्रेंच बोलायला बंदी. राज्याच्या १९२१ च्या घटनेनंच शाळांची भाषा इंग्रजी ठरवून टाकली होती. लघवीला जायचंय हे इंग्रजीत कसं विचारायचं ते माहीत नव्हतं, आणि फ्रेंचमध्ये विचारलं तर शिक्षा. मग जे व्हायचं ते वर्गात बाकावर झालं. "मी एकटी नव्हते," त्या म्हणाल्या, "आमच्या वर्गात रोज कुणीतरी असायचं." पुढच्या वर्षांत फळ्यावर शंभरदा, दोनशेदा लिहायचं : शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही. त्यांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्यांना पाठ आहे. याच मुलांचे मोठे भाऊ दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेले तेव्हा अमेरिकन सैन्याला ते दुभाषे म्हणून हवेहवेसे झाले. नॉर्मंडीतल्या शेतकऱ्यांना यांची भाषा नीट कळत होती. घरी परत आल्यावर धाकट्यांच्या पाठीवर त्याच भाषेसाठी छडी.

मॉमॉंना चार मुलं. एकालाही त्यांनी फ्रेंच शिकवली नाही. नवराबायको रात्री, मुलं झोपल्यावर, आपसात बोलायची. त्यामुळे मुलांना फ्रेंच म्हणजे भिंतीपलीकडून येणारी कुजबुज. आज ती मुलं साठी-सत्तरीची आहेत, टोपीवर, टीशर्टवर, गाडीच्या काचेवर केजन असल्याचं मिरवतात. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नावच 'रेजिंग केजन्स'. 'गो' हा साधा शब्दसुद्धा फ्रेंच थाटात, 'ओ'च्या जागी चार अक्षरं लावून लिहितात. आणि आईशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलता येत नाहीत. मला आधी या टोप्यांचं हसू यायचं. मग वाटलं, मी कुठल्या तोंडानं हसतेय?

मी चौथीत असताना वडिलांची बदली नाशिकला झाली. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात 'मन्ही वही' म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत. त्याही हसल्या, आणि म्हणाल्या, शुद्ध बोलायला शीक हं. छडी नाही, फळ्यावर लिहिणं नाही. तेवढं पुरलं. त्या दिवाळीपर्यंत माझ्या तोंडची अहिराणी गेली होती. अजूनही आई फोनवर अहिराणीत विचारते आणि मी प्रमाण मराठीत उत्तर देते. पस्तीस वर्षं आमचं बोलणं असं दोन रुळांवर चाललंय. मॉमॉंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला कळते, पण येत नाही?" मी म्हटलं, येते, पण तोंड उघडत नाही. त्यांनी मान हलवली. जास्त काही बोलल्या नाहीत.

अभिमान कुठून आला, याची मला वाटते तशी तारीख सांगता येते. १९६४ मध्ये डुई बाल्फा नावाचा शाळेच्या बसचा ड्रायव्हर दोन साथीदारांबरोबर ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवायला गेला. इथल्या एका वर्तमानपत्रानं आधीच लिहून ठेवलं होतं की तिकडे आपलं हसं होणार. त्यांच्या कानाला आपलंच संगीत मांजराच्या भांडणासारखं वाटायचं. तिकडे हजारोंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाल्फा परतला तो ते टाळ्यांचे पडसाद गावात पोचवायचेच असं ठरवून. दहा वर्षांनी, २६ मार्च १९७४ रोजी लाफिएटच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये, जिथं एरवी गुरांचे मेळे भरत, तिथं केजन संगीताचा कार्यक्रम झाला आणि बाहेर धो-धो पाऊस असताना आत बारा हजार माणसं. याच काळात, १९६८ मध्ये, राज्यानं फ्रेंचच्या विकासासाठी 'कोडोफिल' ही संस्था काढली. जेम्स डोमेंजो हे तिचे म्होरके. १९७१ मध्ये बावीस पॅरिशना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांना, मिळून 'अकेडियाना' हे नाव अधिकृत झालं. १९८० मध्ये एका खटल्यात फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की केजन असल्यावरून नोकरीत छळ झाला तर तो वांशिक भेदभावच. म्हणजे जो शब्द कामावर तोंडावर फेकून मारायचे, त्याला बारा-पंधरा वर्षांत झेंडा, सरकारी नाव आणि कायद्याचं छत्र मिळालं. परक्यांनी टाळ्या वाजवल्याशिवाय आपलं आपल्याला गोड लागत नाही, हे काही एकट्या लुईझियानाचं दुखणं नव्हे.

पण या अभिमानाच्या पातेल्यात खाली लागलेलंही काही आहे, आणि ते न सांगता पुढे जाणं बरं नाही. 'गंबो' हा शब्दच मुळी आफ्रिकेतल्या बांटू भाषांतला, त्याचा अर्थ भेंडी. ती गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आली. गंबो दाट करायला घालतात ती 'फिले' पूड, सॅसाफ्रसच्या पानांची, ती चॉक्टॉ आदिवासींकडून घेतलेली. फ्रेंच बोलणारे काळे लोक इथं केजनांच्या बरोबरीनं, त्याच भातखाचरांत राबले. ते स्वतःला क्रेओल म्हणतात. आमेदे आर्दवाँ हा काळा ॲकॉर्डियनवादक. १९३० च्या आसपास तो मघाच्या त्या डेनिस मॅगीबरोबर वाजवायचा, आणि आज ज्याला केजन संगीत म्हणतात त्याचा अर्धा पाया त्याच्या बोटांनी घातलाय. एका गोऱ्यांच्या नाचात गाताना गोऱ्या घरच्या मुलीनं घाम पुसायला त्याला आपला रुमाल दिला. त्या रात्री त्याला रस्त्यात गाठून इतकं मारलं की तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, असं इथले जुने लोक सांगतात. १९४२ मध्ये पाइनविलच्या मनोरुग्णालयात वारला. त्याची कबर नेमकी कुठली ते कळत नाही. ऑपलूससला २०१८ मध्ये त्याचा पुतळा उभारला, एका हातात लिंबू. आवाज साफ राहावा म्हणून तो लिंबू बाळगायचा म्हणतात.

दुसरा पुतळा लाफिएटच्या मध्यावर होता : आल्फ्रेड मूतोँ, अकादी घराण्यातला, गुलामांच्या मालकाचा मुलगा, यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेला सेनापती. १९२२ पासूनचा. तो जुलै २०२१ मध्ये क्रेननं उचलून नेला. मी मुलीला घेऊन पाहायला गेले होते. मॉमॉंना विचारलं, तुम्ही येता का? म्हणाल्या, ऊन आहे. स्वतःवर झालेल्या अन्यायासाठी राणीपर्यंत जाणाऱ्या या समाजाला शेजाऱ्यावर केलेल्या अन्यायाबद्दल बोलताना ऊन लागतं. मला हे त्यांच्या तोंडावर म्हणता आलेलं नाही. कदाचित म्हणूनच इथं लिहिते आहे. १९७४ च्या त्या कार्यक्रमातून जो वार्षिक महोत्सव निघाला त्याच्या नावात पुढे 'क्रेओल' हा शब्द जोडला गेला, एवढं तरी झालं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. इथं काही सरकारी शाळांत गणित-विज्ञानसुद्धा फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग आहेत. आपली भाषा शिकवायला इथं पुरेसे शिक्षक नव्हते, म्हणून ते पहिल्यापासून फ्रान्स, बेल्जियम, कॅनडातून आणले. आम्ही मुलीला त्या वर्गात घातलं. जागा मिळाली आणि शाळा जवळ होती. उदात्त कारण काही नव्हतं. त्याचा परिणाम असा की आमच्या गल्लीत मॉमॉंशी फ्रेंच बोलणारं एकच माणूस आहे, आणि ते पाटलांच्या घरातलं आहे. मॉमॉंची मुलं रविवारी येतात तेव्हा या दोघींचं चाललेलं ऐकत कौतुकानं आणि थोडी अवघडून बसतात. मी त्यांच्याशेजारी बसते. अमळनेरला आईचा फोन लागला की मुलगी "आजी, कशी आहेस?" एवढं म्हणून मोबाइल माझ्याकडे देते, कारण पुढचं आजी काय विचारते ते तिला कळत नाही.

दोघींची फ्रेंच मात्र जुळत नाही. मुलीची शाळेतली, इस्त्रीची. मॉमॉंची अडीचशे वर्षं दलदलीत राहिलेली. मॉमॉ मोटारीला 'शार' म्हणतात, मुलगी 'व्वात्यूर'. मुलगी झिंग्याला 'क्रेव्हेत' म्हणते, मॉमॉ 'शव्हरेत'. मुलगी चुका काढते. मला कानकोंडं होतं, मॉमॉंना होत नाही.

परवा, नाशिकहून परत आल्यावर, आम्ही तिघी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. मी लग्नातल्या बटाट्यांची गोष्ट सांगितली. मेयोनीज ऐकून मॉमॉंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "आणि त्याला आमचं नाव?" "हो." "तुझ्या मामांना आवडले?" "मामा त्यात काजू शोधत होते." हे त्यांना बराच वेळ पुरलं, मधूनच आठवून हसत होत्या. शेगडीवर बिडाच्या पातेल्यात रू चढलेला, मुलगी स्टुलावर उभी राहून ढवळत होती. पाच मिनिटांत तिचा हात दुखायला लागला.

"मॉमॉ, झालं?"

"एस्पेर."

मुलगी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आई, हे चूक आहे. एस्पेरे म्हणजे होप करणं. थांबला आताँद्र म्हणतात. टीचरनी सांगितलंय."

मॉमॉंना मराठी येत नाही, पण दुरुस्ती चाललीय हे कळायला भाषा लागत नाही. काय म्हणतेय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पातेल्यात वाकून रंग पाहिला.

"माझी आई चुलीपाशी हेच म्हणायची," त्या म्हणाल्या, "आणि तिला होप-बिप काही म्हणायचं नसायचं. अजून कच्चं आहे, एवढंच." मग मुलीला म्हणाल्या, "तळापासून. कडेचंही ओढून घे."

मुलीनं डाव माझ्या हातात दिला आणि स्टुलावरून उतरली. पीठ जेमतेम बदामी झालं होतं. मी ढवळायला लागले.